पात्रतेच्या अटीत दिसणारा समाज

(हिंगोली येथे पालक, प्राध्यापक व कार्यकर्ते यांच्या एकत्रीकरणात केलेल्या भाषणाचे संपादित रूप)



सेनगाव तालुक्यातील कडोळी हे गाव आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहे. ११ ऑक्टोबर १९१६ रोजी तेथे चंडिकादास अमृतराव देशमुख या मुलाचा जन्म झाला. देश पुढे त्यांना नानाजी या नावाने ओळखू लागला आणि २०१९ साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले. आपला हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. नानाजींच्या बालपणी कडोळी निजामाच्या राज्यातील परभणी जिल्ह्यात होती. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपलेले, घरात पैसा नाही. शिक्षणाच्या खर्चासाठी या मुलाने भाजी विकली. पुढे तो थेट राजस्थानातील सीकर येथे पोहोचला, तेथील रावराजांनी त्याला शिष्यवृत्ती दिली आणि पिलानीच्या बिर्ला महाविद्यालयाची वाट त्याला मोकळी झाली.

योगायोग असा की त्याच वर्षी, १९१६ सालीच जन्मलेला आणखी एक पोरका मुलगा त्याच सीकरमध्ये शिकत होता. मूळ मथुरा जिल्ह्यातील नगला चंद्रभान गावचा, मामांच्या नोकरीतील बदल्यांबरोबर शाळा बदलत आलेला. मॅट्रिकला उत्तम यश मिळविल्यावर सीकरच्या महाराजांनी त्याला सुवर्णपदक, दरमहा १० रुपये आणि पुस्तकांसाठी २५० रुपये दिले. त्या मुलाचे नाव दीनदयाळ उपाध्याय.

या दोघांच्या पुढील जीवनाविषयी या सभागृहात मी वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. मला फक्त एक प्रश्न विचारायचा आहे. आज हे दोन विद्यार्थी एखाद्या महाविद्यालयाच्या कार्यालयात अर्ज घेऊन उभे राहिले, तर खिडकीपलीकडचा लिपिक त्यांना प्रथम काय विचारील? अधिवासाचा दाखला. कडोळीचा मुलगा सीकरच्या राज्याचा रहिवासी नव्हता. त्या एका कागदाच्या अभावी त्याचा अर्ज आज बाजूला पडला असता. आपल्या याच जिल्ह्यातील नरसीचे नामदेव महाराज पंजाबात घुमानला गेले, तेव्हा तेथील समाजाने त्यांना परका मानले नाही; त्यांची पदे गुरुग्रंथसाहिबात समाविष्ट झाली. प्रांताबाहेरच्या गुणाला आपले म्हणण्याची दृष्टी आपल्या समाजात होती, एवढेच मला सुचवायचे आहे.

आजचा विषय शिष्यवृत्त्या, त्यांच्यासाठी ठेवलेले निधी आणि त्यांच्या पात्रतेचे नियम हा आहे. विषय रूक्ष वाटेल. पण देणगीची रक्कम दात्याचे सामर्थ्य सांगते आणि पात्रतेची अट त्याचे मन सांगते, असे माझे मत आहे. म्हणून मी आज रकमेपेक्षा अटींवर अधिक बोलणार आहे.

महाराष्ट्रात विद्येसाठी द्रव्य देण्याची परंपरा फार जुनी आहे. तळेगावच्या दाभाड्यांनी सुरू केलेली आणि पुढे पेशव्यांनी पुण्यात वाढविलेली श्रावणातील दक्षिणा सर्वांना ठाऊक आहे. वेदशास्त्रांचे अध्ययन केलेला ब्राह्मण ही तिची पात्रता होती. कालांतराने परीक्षा सैल झाली आणि दान फोफावले. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी ती रक्कम वर्षाला ५० हजारांवर आणली आणि १८२१ साली त्यातून पुण्याची संस्कृत पाठशाळा निघाली. १८४९ मध्ये लोकहितवादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्ज केला की, या निधीचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना, मग ते कोणत्याही जातीचे असोत, देण्यात यावा. पुण्यात मोठा गदारोळ झाला. परंतु १८५१ मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन झाली, आणि पुढे याच निधीतून महाविद्यालयांतील दक्षिणा फेलो नेमले गेले. रामकृष्णपंत भांडारकर आणि न्यायमूर्ती रानडे दोघेही दक्षिणा फेलो होते. अट बदलली म्हणून दान भ्रष्ट झाले नाही, उलट ते शंभर वर्षांनी अधिक उपयोगी पडले. धर्म बुडाल्याची ओरड करणारे त्या काळी होते तसे आजही भेटतात. त्यांनी हा इतिहास अवश्य वाचावा.

त्यानंतरच्या काळात मुंबईच्या धनिकांनी विद्यापीठांना मोठे निधी दिले. नाना शंकरशेट यांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतमध्ये चमकणाऱ्या विद्यार्थ्याला मिळे. १९१२ साली चिंतामणराव देशमुखांना ती मिळाली. तिची अट एका ओळीत मावत होती. प्रेमचंद रायचंद यांनी १८६६ मध्ये कलकत्ता विद्यापीठाला दोन लाख रुपये दिले. दाता मुंबईचा, विद्यार्थी बंगालचे! जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी उच्चशिक्षणासाठी निधी ठेवला तो प्रथम केवळ पारशी विद्यार्थ्यांसाठी, पण दोनच वर्षांत त्यांनी तो सर्व भारतीयांना खुला केला. शिवाय ती कर्जाऊ शिष्यवृत्ती होती. शिकून कमावता झालेला विद्यार्थी रक्कम परत करी आणि ती पुढच्याच्या कामी येई. जयंत नारळीकर केंब्रिजला गेले ते याच निधीच्या साहाय्याने. दात्याने आपल्या हयातीत आपलीच अट रुंद करावी, हे उदाहरण मला फार मोलाचे वाटते.

आता दोन शिष्यवृत्त्यांविषयी थोडे सविस्तर बोलतो.

पंडित श्यामजी कृष्ण वर्मा यांनी १९०५ च्या सुमारास लंडनमध्ये भारतीय विद्यार्थ्यांसाठी दोन दोन हजार रुपयांच्या शिष्यवृत्त्या जाहीर केल्या. सरदारसिंह राणा यांनी त्यांत भर घातली आणि महाराणा प्रताप, छत्रपती शिवाजी महाराज व अकबर यांच्या नावे आणखी तीन शिष्यवृत्त्या ठेवल्या. त्यांतील शिवाजी शिष्यवृत्ती लोकमान्य टिळक आणि शिवरामपंत परांजपे यांच्या शिफारशीने विनायक दामोदर सावरकर या नाशिक जिल्ह्यातील तरुणाला मिळाली आणि जून १९०६ मध्ये तो लंडनला निघाला. या शिष्यवृत्त्यांची मुख्य अट अशी होती की, घेणाऱ्याने इंग्रज सरकारची नोकरी, वेतन वा पद कधीही स्वीकारू नये. मागील उत्पन्न किती, कूळ कोणते, हे प्रश्न गौण. पुढे काय करणार, हा प्रश्न मुख्य. पात्रता भूतकाळात न शोधता भविष्यकाळात शोधणारी अशी अट मी दुसरी पाहिलेली नाही.

आणि एक गंमत पाहा. १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कपड्यांची होळी केल्याबद्दल सावरकरांना फर्ग्युसन महाविद्यालयाने दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढले. आज जवळजवळ प्रत्येक अर्जाला वर्तणुकीचा दाखला जोडावा लागतो. त्या वर्षी श्यामजींनी तो मागितला असता तर? आपल्या मराठवाड्यातही असेच घडले आहे. १९३८ मध्ये औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजात आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात वंदे मातरम् म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना वसतिगृहांतून आणि वर्गांतून घालविण्यात आले. संस्थेच्या दप्तरी ते बेशिस्त ठरले. नागपूर विद्यापीठाने त्यांच्यासाठी दार उघडले. त्यांच्यापैकी एक, पी. व्ही. नरसिंह राव, पुढे देशाचे पंतप्रधान झाले. दाखला देणारा कोण आणि तो वाचणारा कोण, यावर बरेच काही अवलंबून असते.

दुसरी शिष्यवृत्ती बडोद्याची. सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकरांना एल्फिन्स्टनमध्ये शिकताना दरमहा २५ रुपये दिले आणि १९१३ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मंजूर केले. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करावी, असा करार होता. बाबासाहेब १९१७ मध्ये करार पाळण्यासाठी बडोद्याला गेले. त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही, कचेरीत शिपाई लांबून कागद टाकीत, आणि अखेर ते बडोदे सोडून परतले. बंधू-भगिनींनो, करारनाम्याने विद्यार्थी बांधला होता. शहर कोणत्याही करारनाम्याने बांधलेले नव्हते. शिष्यवृत्ती देणारा राजा उदार असूनही आपला हिंदू समाज त्या दानास पात्र ठरला नाही. समरसतेचे बोलताना ही गोष्ट विसरता येत नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. स्वातंत्र्यानंतर शिष्यवृत्तीचा मुख्य भार शासनाने उचलला आणि ते योग्यच झाले. ज्यांच्यासाठी समाजाने शतकानुशतके दारे लावली त्यांच्यासाठी राज्यसंस्थेने ती उघडणे हे कर्तव्यच होते. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती तर स्वातंत्र्यापूर्वी, १९४४ पासूनची आहे. तिची उत्पन्नमर्यादा सध्या अडीच लाख आहे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसाठी ती आठ लाख आहे. डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या पाल्यांना वसतिगृह निर्वाह भत्ता मिळतो. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे. योजना आहेत, हे मान्य केले पाहिजे. आपल्यातील काहींना प्रत्येक गोष्टीत शासनाला दोष देण्याची सवय जडली आहे, ती बरी नव्हे.

तरीही मुलगा गळतो. का गळतो, हे अटींतच पाहा. महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करायचा, बँक खाते आधारशी जोडलेले हवे, उत्पन्नाचा दाखला चालू असावा. व्यावसायिक अभ्यासक्रमाचा प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असावा. शाहू शिष्यवृत्तीत एका कुटुंबातील दोनच अपत्ये धरली जातात, आणि अभ्यासक्रमाच्या काळात दोन किंवा अधिक वर्षांचा खंड चालत नाही. यांतील कोणतीही अट अन्याय्य नाही. एकेक अट वाचली तर शहाणपणाचीच वाटते. पण कळमनुरी किंवा सेनगाव तालुक्यातील एखादे कुटुंब दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाते. दाखल्यासाठी तहसिलात बापाची सही हवी आणि बाप तीनशे किलोमीटर दूर फडावर असतो. आई आजारी पडली म्हणून मुलगी एक वर्ष थांबते, दुसऱ्या वर्षी पैसे जमत नाहीत, आणि खंडाची अट पुरी भरते. नियमाने तिला अपात्र ठरविले, पण तिने कोणता अपराध केला?

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. शासन मुख्यतः शुल्क देते. नांदेड, छत्रपती संभाजीनगर किंवा पुणे येथे शिकणाऱ्या आपल्या मुलाला शुल्क मोडत नाही. त्याला मोडते खोलीभाडे आणि खाणावळ. पूर्वी आपल्याकडे वार लावून जेवण्याची पद्धत होती. सात घरे, सात वार, गरीब विद्यार्थ्याचे जेवण झाले. ती व्यवस्था बहुतांशी एका जातीपुरती होती, हेही मोकळेपणाने सांगितले पाहिजे. आणि यजमानीणबाईच्या कपाळावरची आठी जेवताना पाहावी लागे ती निराळीच. पण विद्यार्थ्याचे पोट हा शिक्षणाचा खर्च आहे, हे त्या समाजाला कळले होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी तेच कळणे सर्व जातींसाठी वसतिगृहात आणले आणि सोबत श्रम जोडले. पुण्यात १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी सहायक समिती स्थापन केली, तिने ग्रामीण भागातील मुलामुलींना राहण्या-जेवण्याचा आधार दिला. शासनाच्या योजनेत जे बसत नाही ते नेमके येथे बसते.

म्हणून माझे म्हणणे इतकेच आहे की, समाजाच्या निधीने शासनाची नक्कल करू नये. आपल्या जिल्ह्यात हिंगोलीचे आदर्श महाविद्यालय आहे, औंढ्याचे नागनाथ, सेनगावचे तोष्णीवाल, वसमतचे बहिर्जी स्मारक महाविद्यालय आहे. या किंवा अशा कोणत्याही महाविद्यालयाला आपल्या आईवडिलांच्या स्मरणार्थ ठेव देण्याची इच्छा येथे अनेकांना आहे, असे मला सांगण्यात आले. ही इच्छा शुभ आहे. पण अट लिहिताना हात थोडा आवरावा.

सर्वांत लोकप्रिय अट म्हणजे अमुक विषयात प्रथम येणारा. परिणाम असा होतो की एकाच मुलीला एकाच समारंभात चार लिफाफे मिळतात, छायाचित्र निघते, आणि मागच्या बाकावर बसणारा, सकाळी हळदीच्या वखारीत हमाली करून अकराच्या तासाला येणारा मुलगा टाळ्या वाजवितो. गुणवत्तेचा सत्कार अवश्य व्हावा. त्यासाठी एक पदक पुरे. निधीचे व्याज मात्र उत्तीर्ण होत राहणाऱ्या गरजू विद्यार्थ्याकडे जावे.

दुसरी लोकप्रिय अट पोटजातीची. येथे मी स्पष्ट बोलतो, कोणी राग मानू नये. एके काळी जातवार वसतिगृहांनी मोठे काम केले. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून अशी वसतिगृहे उभारली, ती त्या काळाची गरज होती आणि एकाही समाजाला त्यांनी वगळले नाही. परंतु आज एखाद्या सधन गृहस्थाने आपल्या पोटजातीच्या, आपल्याच आडनावाच्या विद्यार्थ्यासाठी निधी ठेवावा, यात दानापेक्षा नातेवाईकपणा अधिक आहे. व्यवहारातही ते फसते. तसा अर्जदार वर्षानुवर्षे मिळत नाही, ठेव बँकेत पडून राहते आणि फलकावरचे नाव धूळ खाते. अशी अडकलेली ठेव सोडविण्याचा मार्ग सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० याच्या कलम ५५ मध्ये आहे. मूळ हेतू पार पाडणे अशक्य झाले तर त्याच्या निकटच्या हेतूसाठी निधी वापरण्याची परवानगी न्यायालय देऊ शकते. पण धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय आणि न्यायालय यांच्या पायऱ्या चढण्यापेक्षा मूळ करारनाम्यातच एक वाक्य घालावे: पात्र अर्जदार न मिळाल्यास महाविद्यालयाच्या समितीने त्या वर्षाची रक्कम अन्य कोणत्याही गरजू विद्यार्थ्यास द्यावी. हे एक वाक्य लिहायला पाच मिनिटे लागतात.

हिशेबही मांडला पाहिजे. समजा, एका विद्यार्थ्याच्या खाणावळीला साहाय्य म्हणून वर्षाला १२ हजार रुपये द्यायचे आहेत. साडेसहा टक्के व्याज धरले तर सुमारे १ लाख ८५ हजारांची ठेव लागते. पण सगळे व्याज वाटून टाकले तर महागाईने पंधरा वर्षांत त्या १२ हजारांचे मोल निम्म्यावर येण्याचा धोका असतो. जुन्या पारितोषिकांचे असेच झाले. दात्याने वर्षाची पुस्तके येतील म्हणून दिलेल्या ठेवीच्या व्याजात आज एक शब्दकोशही येत नाही. तेव्हा व्याजाचा तिसरा हिस्सा मुद्दलात परत टाकावा. मग तीच शिष्यवृत्ती देण्यासाठी पावणेतीन लाखांहून थोडी अधिक ठेव लागते. एकट्याला झेपत नसेल तर तिघा भावंडांनी, एका गल्लीतील पाच घरांनी मिळून द्यावी. पंचवीस फलकांपेक्षा एक भक्कम निधी बरा, हे दात्यांना पटविणे सर्वांत कठीण जाते, कारण फलकावर पहिले नाव कोणाचे, येथेच बैठक अडते.

आणखी एक अट अनेक खासगी निधींत सरसकट आढळते: अर्जदारास अन्य कोणतीही शिष्यवृत्ती मिळत नसावी. शासनाने एका विद्यार्थ्याला दोन ठिकाणांहून शुल्क देऊ नये, हे समजण्यासारखे आहे. पण ज्याचे शुल्क शासन भरते त्यालाच जेवणाची अधिक अडचण असते. त्याला या अटीने बाद करून आपण नेमक्या गरजूलाच वगळतो. आपला निधी शुल्कासाठी नसून निर्वाहासाठी आहे, असे करारनाम्यात स्पष्ट लिहावे आणि ही अट काढून टाकावी.

विद्यार्थ्याकडून काही मागू नये का? मागावे. फुकट मिळालेले फुकट जाते, हा आपल्या घरोघरचा अनुभव आहे. पण टाटांसारखी कायदेशीर परतफेड येथे नको, कर्जाच्या भीतीने शेतकऱ्याचे घर आधीच वाकलेले असते. आठवड्यातून दोन तास वस्तीवरील अभ्यासिकेत लहान मुलांना शिकविणे, ही अट पुरेशी आहे. आणि नोकरीला लागल्यावर आपल्यासारख्या एका विद्यार्थ्याचे एक वर्ष पाहावे, हा शब्द त्याच्याकडून तोंडी घ्यावा. कागदावर घेऊ नये; कागदावर घेतला की तो वकिलाचा विषय होतो.

अशा करारनाम्याचा एक मसुदा मी सोबत आणला आहे. त्याच्या प्रती बाहेर मेजावर ठेवल्या आहेत. प्राध्यापक मंडळींनी तो तपासावा, सुधारावा, आपापल्या महाविद्यालयाच्या व्यवस्थापन समितीपुढे न्यावा. त्यासोबतच्या अर्जाच्या नमुन्यात जातीचा रकाना मी ठेवलेला नाही. आईवडिलांच्या सध्याच्या मुक्कामाचे ठिकाण, असा एक रकाना मात्र आहे. कुटुंब फडावर गेले असेल तर सहीसाठी माणूस कोठे पाठवायचा, हे कार्यालयाला ठाऊक असले पाहिजे.